भोसरीचा सेटर आणि मिशिगनचं कम्युनिटी कॉलेज : एका प्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण आग्नेय मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कॉलेज, कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी इथल्या वाहन उद्योगात टूलिंगचं काम करते. या घराशी जुना घरोबा असल्यामुळे बरेचसे निर्णय माझ्यासमोर झाले. घरात त्यांना जसं संबोधतात तसंच इथे लिहिते : ताई, दाजी आणि ताईचा भाऊ, धाकटा.

पार्श्वभूमी

धाकटा सातारा जिल्ह्यातला. दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, २००७ साली पास झाला. डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जायचं ठरत होतं, तेवढ्यात वडील आजारी पडले आणि त्याने भोसरी एमआयडीसीत नोकरी धरली. पुढच्या बारा वर्षांत ऑपरेटरचा सेटर, म्हणजे कामाआधी मशीन लावून देणारा, झाला. सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), इन्सर्ट (कापणारं पातं) बदलायचा, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायचा आणि मगच मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. त्याचा हात चांगला होता, हे त्याच्यासोबत काम केलेल्यांकडूनही ऐकलंय.

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. लग्न होऊन अमेरिकेत आली, नागरिकत्व मिळालं आणि २००४ साली तिने भावासाठी अर्ज भरला. भावंडांच्या या वर्गाला, एफ-४ला, भारतीयांना त्या वेळी पंधरा वर्षं थांबावं लागणं नेहमीचंच होतं. अर्ज भरला तेव्हा दहावीत असलेला मुलगा २०१९ मध्ये बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ग्रीन कार्डावर डेट्रॉइटला उतरला.

एजन्सीमार्फत एका प्लँटमध्ये ऑपरेटरचं काम मिळालं. मार्च २०२०मध्ये महामारीमुळे इथले वाहन कारखाने बंद झाले. मेमध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण एजन्सीच्या माणसांना बोलावणं आलं नाही. काही महिने घरी काढल्यावर तो एका लहान जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात) सेकंड शिफ्टला लागला.

अडचण

त्याच शॉपमध्ये २०२१च्या सुरुवातीला क्वालिटी टेक्निशियनची जागा निघाली. अट असोसिएट डिग्रीची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या साधारण दोन वर्षांच्या पदवीची. धाकट्याने अर्जात डिप्लोमा लिहिला. इथे डिप्लोमा म्हटलं की बारावीचं सर्टिफिकेट समजतात, त्यामुळे एचआरने अर्ज बाजूला ठेवला. ज्याला जागा मिळाली, त्या मुलाला मशीनवरच्या गोष्टी धाकटाच समजावून सांगत होता.

पैशाची ओढाताण होती, पण खरा प्रश्न वेगळा होता. ड्रॉइंगवर काय असावं, फिक्स्चर (पीस पकडून ठेवणारी जोडणी) कसं असावं, पीस का रिजेक्ट झाला, यावर बोलायचा अधिकार त्याला हवा होता. ऑपरेटरच्या टेबलाशी तो मिळत नाही.

कम्युनिटी कॉलेजात इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी शिकायचा विषय निघाला आणि घरात मतं फाटली. दाजी पुण्याचे बी.ई. त्यांचं म्हणणं, "शिकायचंच आहे तर सरळ इंजिनिअरिंग कर, टेक्नॉलॉजी कशाला?" ताईचं मत, आधी कायम नोकरी बघ, इन्शुरन्स बघ. धाकट्याच्या बायकोने एकच विचारलं : किती वर्षं? तिचं बी.कॉम. झालेलं होतं आणि तिलाही अकाउंटिंग पुढे करायचं होतं. त्या वेळी या प्रश्नाला कुणीच नीट उत्तर दिलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीच न शिकता मशिनिस्ट म्हणूनच वर चढायचं. हा पर्याय हलका नाही. चांगला मशिनिस्ट इथे सन्मानाने घर चालवतो. पण त्याला जे हवं होतं ते यात नव्हतं.

दुसरा, दाजींचा. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं कॅल्क्युलस, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, केमिस्ट्री करायची आणि मग विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जायचं. रात्रपाळी करणाऱ्या बापाला हे पाच-सहा वर्षांच्या आत जमणं कठीण, आणि पहिल्या दोन वर्षांत धातूला हात लागणार नाही.

तिसरा, मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, साधारण ६० क्रेडिटचा. यात कॅड, मटेरिअल्स, स्टॅटिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स, सीएनसी, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेतली चालणारी चूक दाखवायची पद्धत) असे विषय असतात. स्टॅटिक्स शिकवतात ते बीजगणित-त्रिकोणमितीवर. एबेट ही मान्यता देणारी संस्था इंजिनिअरिंगच्या आणि टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळे आयोग ठेवते. टेक्नॉलॉजीचा आयोग असोसिएट पातळीला बीजगणित-त्रिकोणमिती पुरेशी मानतो आणि बॅचलर पातळीला त्यापुढचं गणित, बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस, मागतो. हा फरक या प्रकरणात पुढे फार महत्त्वाचा ठरला.

चौथा, डिप्लोम्याचं मूल्यांकन करून घेऊन सरळ विद्यापीठात जायचं. मूल्यांकनाच्या रिपोर्टात त्याचा दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा पदवीच्या बरोबरीचा धरला नव्हता. बारावी आणि वर थोडं कॉलेजशिक्षण, असा निष्कर्ष होता. धाकटा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

दाजींच्या आग्रहामागे आकडे होते, ते नाकारता येत नाहीत. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२३च्या आकडेवारीत मेकॅनिकल इंजिनिअरचा मध्यम वार्षिक पगार ९९,५१० डॉलर आहे, तर मेकॅनिकल टेक्नॉलॉजिस्ट-टेक्निशियनचा ६४,०२० डॉलर. शिवाय टेक्नॉलॉजीच्या पदवीवर प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स काढायचं तर अनेक राज्यांत जास्त वर्षांचा अनुभव लागतो, काही ठिकाणी ती पदवी चालतच नाही. तरीही माझं मत तेव्हाही तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने होतं, आजही आहे. ज्याने बारा वर्षं धातू कापला, त्याची सगळ्यात मोठी पुंजी दुसऱ्या पर्यायात पहिली दोन वर्षं पडून राहिली असती. तिसऱ्यात ती पहिल्या सत्रापासून कामाला येते.

फीचा प्रश्न

फेब्रुवारी २०२१मध्ये मिशिगन राज्याने रीकनेक्ट योजना सुरू केली. वय २५ किंवा जास्त, राज्यात किमान एक वर्ष वास्तव्य, बारावी झालेली आणि असोसिएट किंवा बॅचलर पदवी नसलेली, अशा माणसाची कम्युनिटी कॉलेजची जिल्ह्यांतर्गत फी राज्य भरतं. आधी फाफ्सा हा केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा अर्ज भरून मिळणारं पेल ग्रँट (परत न करायची मदत) वापरायचं आणि उरलेली फी राज्याने द्यायची, अशी तिची रचना.

आता डिप्लोमा पदवी धरला गेला नाही, हीच गोष्ट कामाला आली. धरला असता तर काही क्रेडिट वाचले असते आणि रीकनेक्ट हातचं गेलं असतं. एका ओळखीच्याने सल्ला दिला की भारतातलं शिक्षण सांगूच नकोस. धाकट्याने ऐकलं नाही. मूल्यांकनाचा रिपोर्ट घेऊन तो फायनान्शियल एड ऑफिसात गेला आणि आपण पात्र आहोत का याचं उत्तर लेखी मागितलं. उत्तर आलं : पात्र. ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाने सरकारी अर्जात शिक्षण दडवणं म्हणजे पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत स्वतःच्या पायावर धोंडा. हा निर्णय सगळ्यांत कमी वेळात झाला आणि सगळ्यांत योग्य होता.

जिल्ह्याचाही मुद्दा होता. या भागातल्या कम्युनिटी कॉलेजांची फी त्या त्या जिल्ह्यातल्या रहिवाशांना कमी आणि बाहेरच्यांना बरीच जास्त असते, आणि रीकनेक्ट फक्त जिल्ह्यांतर्गत फीइतकंच देतं. घराजवळचं कॉलेज नेमकं शेजारच्या जिल्ह्यात होतं. त्याने गाडी चालवायचा त्रास घेतला आणि आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजात नाव घातलं.

काय केलं

प्रवेशाआधी गणिताची प्लेसमेंट टेस्ट असते. धाकट्याने ती रात्रपाळी संपवून आल्यावर, काही न वाचता, ऑनलाइन दिली. पॉलिटेक्निकला लाप्लास ट्रान्सफॉर्म केलेला माणूस प्राथमिक बीजगणितात जाऊन पडला. म्हणजे दोन सत्रं पायाभूत गणित, ज्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत. कॉलेजची सल्लागार म्हणाली, काही हरकत नाही, सुरुवात करा. इथे त्याने थांबायचं ठरवलं. टेस्ट पुन्हा देता येते का, हे विचारलं, येत होती. भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, तीन आठवडे त्याच्याकडून अपूर्णांक, घातांक आणि शाब्दिक गणितं करून घेतली. गणित त्याला येत होतं, अडत होतं ते इंग्रजी वाक्य वाचून समीकरण मांडण्यात. दुसऱ्या वेळी तो कॉलेज अल्जिब्राला पात्र ठरला. त्या तीन आठवड्यांनी दोन सत्रं वाचली.

पुढचा निर्णय सत्राच्या नोंदणीचा. कॉलेजने छापून दिलेल्या योजनेत टेक्निकल मॅथ आणि अप्लाइड फिजिक्स होतं. असोसिएटसाठी दोन्ही पुरेसे. पण विद्यापीठात बदली घेताना टेक्निकल मॅथ सहसा धरत नाहीत, आणि मिशिगन ट्रान्स्फर ॲग्रीमेंटच्या (कॉलेजचे क्रेडिट विद्यापीठात धरायच्या कराराच्या) ३० क्रेडिटांच्या गठ्ठ्यातही ते बसत नाही. धाकट्याला तेव्हा पुढे बॅचलर करायचं आहे की नाही, हेच माहीत नव्हतं. त्याने पहिल्या सत्राला टेक्निकल मॅथ घेतलं, चांगल्या मार्कांनी पासही झाला. दुसऱ्या सत्रात विद्यापीठाच्या माणसाशी बोलल्यावर कळलं की हा विषय तिथे शून्य. मग कॉलेज अल्जिब्रा, ट्रिग्नॉमेट्री आणि त्यानंतर प्रीकॅल्क्युलस असा रस्ता बदलला. एक विषय वाया गेला.

मशीन शॉपचा पहिला विषय त्याने परीक्षा देऊन माफ करून घेतला. लेथवर ठरलेला शाफ्ट काढून दाखवायचा होता, त्याने वेळेच्या आत काढला. याउलट टेक्निकल रायटिंग सोडून देता येईल का, असंही तो विचारत होता. सुदैवाने नकार मिळाला. पुढे त्याला नोकरीत वर नेण्यात या विषयाचा वाटा किती, हे निकालात येईलच.

ड्रॉइंगचा पेपर

सगळ्यात सोपा वाटलेला विषय ड्रॉइंगचा होता आणि पहिला झटका तिथेच बसला. हाताने काढायच्या पहिल्या चाचणीत एल आकाराचा ब्रॅकेट होता, उजव्या बाजूला खाच. धाकट्याने भारतात सवय होती तसं केलं : समोरचा देखावा मध्ये आणि उजव्या बाजूने दिसणारा देखावा त्याच्या डावीकडे. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं, तिथे उजवा देखावा उजवीकडेच येतो. शिक्षक जुने टूलमेकर होते. त्यांनी मार्क कापून विषय संपवला नाही. ते ड्रॉइंग घेऊन धाकट्याला शॉपमध्ये घेऊन गेले, फोमचा ठोकळा हातात दिला आणि म्हणाले, हे ड्रॉइंग इथल्या मशिनिस्टने वाचलं तर खाच कुठे कापेल, दाखव. खाच विरुद्ध बाजूला गेली. कोपऱ्यात प्रोजेक्शनचं चिन्हही नव्हतं, म्हणजे वाचणाऱ्याला सावध करणारं काहीच नाही. त्या दिवसापासून तो कुठल्याही ड्रॉइंगवर आधी ते छाटलेल्या शंकूचं चिन्ह शोधतो.

इंचांचंही तसंच. एक हजारांश इंच म्हणजे २५.४ मायक्रॉन, हे पाठ होतं, पण हाताला मायक्रॉनची सवय. एम-८चा मेट्रिक बोल्ट आणि ५/१६-१८चा इंची बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखे दिसतात, एकाचा व्यास ८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७.९४. पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळी, १.२५ आणि १.४१. त्यामुळे चुकीचा बोल्ट एखादा आटा आत जातो आणि मग अडकतो. भारतातून आलेल्या चांगल्या कारागिराला इथे जे नडतं ते असं असतं. मुलाखतीत ते कुणी विचारत नाही.

शिफ्टचा निर्णय

लॅब संध्याकाळी असायच्या आणि नोकरी सेकंड शिफ्टची होती. पहिलं सत्र त्याने फक्त सकाळच्या आणि ऑनलाइन विषयांवर काढलं. दुसऱ्यासाठी त्याने फर्स्ट शिफ्ट मागितली. शिफ्टचा जादा दर गेला, ओव्हरटाइमही घटला. ताईने विरोध केला, कारण घरभाडं नियमित भरायचं होतं. शेवटी वर्षभर दोन्ही कुटुंबांनी ताईच्याच घरात राहायचं ठरवलं. हा निर्णय कागदावर कुठे दिसत नाही, पण त्याशिवाय बाकीचे सगळे कोसळले असते. मुलीला शाळेतून आणणं दाजींनी स्वतःकडे घेतलं, ज्यांचा या अभ्यासक्रमालाच विरोध होता.

निकाल

तिसऱ्या सत्रात जीडी अँड टी आलं. बारा वर्षं त्याने भोकाचं केंद्र एक्स आणि वायमध्ये अधिक-उणे मोजलं होतं. तिथला सहनक्षेत्राचा, म्हणजे केंद्र जिथे असलेलं चालतं त्या जागेचा, आकार चौरस. जीडी अँड टीच्या पोझिशन टॉलरन्समध्ये तो गोल असतो, आणि चौरसाच्या कोपऱ्यांना स्पर्श करणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौरसापेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त भरतं. वर एमएमसीची (पीसमध्ये जास्तीत जास्त धातू उरलेल्या स्थितीची) खूण असेल तर भोक किमान मापापेक्षा जेवढं मोठं, तेवढी सूट आणखी मिळते.

हे शिकत असतानाच त्याच्या शॉपमध्ये एका हाउसिंगचं रिजेक्शन वाढलं होतं. ड्रॉइंगवर व्यास .०१४ इंचाची पोझिशन, एमएमसीवर, असं स्पष्ट होतं. तपासणीच्या तक्त्यात मात्र कुणीतरी कधीतरी ते अधिक-उणे .००५ करून ठेवलं होतं. चांगले पीस भंगारात जात होते. धाकट्याने सीएमएमचे (मापं घेणाऱ्या मशीनचे) जुने रिपोर्ट मागितले, प्रत्येक पीसची पोझिशन आणि भोकाच्या मापानुसार मिळणारी सूट काढली आणि दीड पानाचं टिपण लिहिलं. हे टिपण टेक्निकल रायटिंगच्या वर्गात शिकवलेल्या साच्यात होतं : समस्या, मोजमाप, शिफारस. सुपरवायझरने ते ग्राहकाच्या क्वालिटी विभागाकडे पाठवलं, तक्ता दुरुस्त झाला. दोन महिन्यांनी क्वालिटी लॅबमधली जागा पुन्हा निघाली, तेव्हा पदवी अर्धी असतानाच त्याला तिथे घेतलं.

असोसिएट मे २०२४मध्ये पूर्ण झालं, सुरुवातीपासून जवळजवळ तीन वर्षांत. त्याच सुमारास त्याने एका मोठ्या सप्लायरकडे सीएमएम प्रोग्रॅमरची नोकरी घेतली. ही कंपनी शिक्षणाला मदत करते. अमेरिकी करकायद्यानुसार अशी मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. त्या पैशावर तो आता विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचं बॅचलर अर्धवेळ करतो. कॅल्क्युलसचा पहिला विषय त्याला जड गेला, पण निघाला. बदलीत बहुतेक क्रेडिट धरले गेले. टेक्निकल मॅथ गेलं आणि सीएनसीचा एक विषय फक्त ऐच्छिक म्हणून मोजला. प्रोफेशनल इंजिनिअरच्या लायसन्सचा प्रश्न अजून उघडा आहे, आणि दाजी आठवण करून देतात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात पहिलं, कॉलेजच्या सल्लागाराला भेटण्याआधी विद्यापीठाच्या सल्लागाराला भेटायला हवं होतं. कॉलेजची योजना त्यांच्या पदवीसाठी बरोबरच असते, पुढे काय धरलं जाईल याची जबाबदारी ती घेत नाही. पुढे शिकायचं पक्कं नसलं तरी गणित आणि फिजिक्स बदलीला चालणारंच घ्यावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. या मार्गावर मागे फिरणं महाग पडतं ते याच दोन विषयांत.

दुसरं, अभ्यासक्रमाचे कागद. त्याच्याकडे सहाही सत्रांच्या मार्कशीट होत्या, पण विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम नव्हता. त्याच्या वेळच्या स्कीमची पुस्तिका पॉलिटेक्निकच्या शिक्क्यानिशी आणली असती, तर मटेरिअल्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या प्राध्यापकांपुढे ती ठेवून माफी मागता आली असती. मित्राला कराडहून कागद काढायला पाठवलं तोवर हे दोन्ही विषय करून झाले होते. सातासमुद्रापार निघण्याआधी एक चक्कर कॉलेजात मारून हा गठ्ठा घ्यावा.

तिसरं, शिक्षणाला मदत करणारी नोकरी त्याने शेवटी शोधली. ती आधीपासून शोधायला हवी होती. एजन्सीच्या नोकरीत तासाला एक डॉलर जास्त मिळतो म्हणून लोक तिथेच राहतात आणि वर्षाला पाच हजारांची मदत सोडून देतात.

आणि बायकोचा प्रश्न. किती वर्षं, हे तिने २०२१मध्ये विचारलं होतं. तिच्याकडे बॅचलर पदवी असल्यामुळे तिला रीकनेक्ट नाही आणि पेल ग्रँटही नाही. म्हणजे तिचं शिक्षण घरच्याच पैशातून व्हायचं होतं, आणि घरच्या सगळ्या आखणीत त्याची फी फुकट झाली हाच आनंद होता. धाकट्याची वाचलेली फी दर सत्राला तिच्या नावाने बाजूला ठेवली असती तर ती दोन वर्षं आधी सुरुवात करू शकली असती. तिने २०२५मध्ये अकाउंटिंगचा पहिला विषय घेतला, त्याच कॉलेजात, संध्याकाळचा. त्या दोन संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि स्वयंपाक धाकट्याकडे असतो.